टपालाचा भरंवसा

लाल पेटीच्या फटींतून पत्र आंत सोडलें, कीं तें पाठविणाऱ्याच्या हातून सुटलें. तें कोठवर गेलें हें विचारण्याची सोय नाहीं. आणि साधें पत्र असेल तर तें टाकलें होतें, हें सिद्ध करण्याचीहि सोय नाहीं. असें असून मनुष्य तें निश्चिंतपणें टाकतो आणि घरीं येतो. हा भरंवसा कशाच्या बळावर बसला, तो आज कितपत खरा आहे, आणि ज्याचा चरितार्थच टपालावर चालतो अशा लहान धंदेवाल्यानें त्यावर किती भार टाकावा, याचा विचार व्हावा तितका होत नाहीं. "पोस्टाचें कांहीं खरें नाहीं" हें वाक्य जितक्या सहज बोललें जातें, तितक्याच सहज "पोस्टानें पाठवा, मिळेल" हेंहि बोललें जातें. आणि गंमत अशी कीं, हीं दोन्ही वाक्यें पुष्कळदां एकाच घरांत ऐकूं येतात.

दोन्ही वाक्यें खरीं असूं शकतात, कारण भरंवसा हा शब्द येथें तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो. पत्र पोंचेल काय, ही एक गोष्ट. ठरल्या वेळीं पोंचेल काय, ही दुसरी. आणि पोंचलें हें उद्यां वाद पडल्यास दाखवितां येईल काय, ही तिसरी. खुशालीच्या पत्राला पहिली पुरते. नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें असेल, तर दुसरीवांचून पहिलीचा कांहींच उपयोग नाहीं. घर रिकामें करण्याच्या नोटिशीला तिसरीच मुख्य. टपालखातें या तीन गोष्टी एका तिकिटांत विकत नाहीं. त्यांचे दर वेगळे आहेत. टपालाविरुद्ध जें बोललें जातें त्यांतील बराच भाग पहिलीचे पैसे देऊन तिसरीची अपेक्षा केल्यामुळें उत्पन्न होतो.

जुन्या पत्रलेखकांना हा भेद ठाऊक होता, असें त्यांच्या पत्रांवरूनच दिसतें. "आपलें पत्र पावलें, मजकूर समजला" हें वाक्य आज ठराविक म्हणून हंसण्यावारी नेलें जातें. परंतु तें केवळ शिष्टाचाराचें वाक्य नव्हतें. ती पोच होती. पेढीवरच्या पत्रांत तर कोणत्या तारखेचें पत्र पावलें हेंहि लिहीत. त्यामुळें मधलें एखादें गहाळ झालें असेल, तर तें दोन्ही टोकांस तेवढ्यानेंच उघड होई. "उलट टपालीं उत्तर यावें" यांत मुदतहि आली. टपाल जो पुरावा देत नव्हतें, तो लोकांनीं आपल्या लिहिण्याच्या रीतींतच बसवून घेतला होता.

टपालाच्या मुळाशींच विश्वास कसा आहे, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हंशील बहुधा घेणारा देई आणि तें अंतरावर ठरे. पत्र पोंचविल्यावांचून पैसे मिळत नसत, तेव्हां पोंचविण्याची काळजी आपोआपच घेतली जाई. रोलंड हिल यानें ही रीत उलटी केली: पैसे आधीं, तिकिटाच्या रूपानें, पाठविणाऱ्यानें द्यावे आणि दर वजनावर असावा. आपल्याकडे हीच पद्धति १८५४ सालीं सर्वत्र लागू झाली, आणि अंतर कितीहि असलें तरी हलकें पत्र अर्ध्या आण्यांत जाऊं लागलें. १८७९ मध्यें पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें कार्ड निघालें. स्वस्ताईचें कौतुक सर्वांनीं केलें. परंतु त्या दिवसापासून काम होण्याआधींच त्याचा मोबदला देण्याची संवय सर्व जनतेला लागली, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाहीं. उरला एक जुना प्रकार, बेरंग पत्राचा; आणि तो कसा निश्चित पोंचे, हें दुप्पट हंशील भरणाऱ्यांस चांगलें ठाऊक होतें.

आतां पत्राचा प्रवास. पेटींतून निघालेलें पत्र पोस्टांत येतें, तिकिटावर तारखेचा शिक्का बसतो, आणि तें वर्गवारीच्या कचेरीकडे जातें. या कचेऱ्या पूर्वींपासून रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे आर. एम. एस. च्या, नांवानें ओळखल्या जातात. तेथें पत्रावरचा मजकूर कोणी वाचीत बसत नाहीं. नजर जाते ती पिन कोडाच्या सहा आंकड्यांवर. त्यांवरून पत्र थैलींत पडतें, थैली गाडीनें, मोटारीनें अगर विमानानें ठिकाणच्या वर्गवारीकडे जाते, तेथून पोस्टांत, आणि पोस्टांत तें त्या त्या फेरीच्या पोस्टमनच्या गठ्ठ्यांत बसतें. पत्र गहाळ होतें म्हणजे बहुधा चोरीस जातें, असा लोकांचा समज आहे. परंतु या वाटेवर चोरीपेक्षां चुकीच्या थैलीला जास्त वाव आहे. एकदां चुकीच्या थैलींत पडलेलें पत्र हरवत नाहीं, तें भटकतें. आणि भटकून येतें तेव्हां त्याचा उपयोग संपलेला असतो.

हे सहा आंकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजीं आले. ते योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यांतील अधिकारी होते आणि संस्कृतांतील कवि व नाटककार म्हणून विद्वानांत प्रसिद्ध होते. एकाच नांवाचीं अनेक गांवें, अनेक लिपि आणि अनेक भाषा असलेल्या देशांत पत्त्याला भाषेच्या बाहेर काढून आंकड्यांत बसविण्याची ही युक्ति एका काव्यरसिकानें काढावी, यांत एक प्रकारचा गोडवा आहे. पहिला आंकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा: ४०० मुंबई, ४११ पुणें, ४०३ गोवा. शेवटचे तीन त्या पोस्टाचे.

याआधीं ही सगळी कामगिरी "मु. पो. ता. जि." हीं चार अक्षरें करीत असत. मुक्काम व पोस्ट एकच असेल तर "मु. पो." असें जोडून, आणि पोस्ट शेजारच्या गांवीं असेल तर दोन्हीं वेगळीं, हा बारकावा खेड्यांतला मुलगा शाळेंतच शिके. तो निरर्थक नव्हता. नाशिक जिल्ह्यांत एक नांदगांव आहे, अमरावतीकडे नांदगांव खंडेश्वर आहे. पुण्याच्याच आसपास वडगांव बुद्रुक, वडगांव खुर्द, वडगांव शेरी आणि वडगांव मावळ आहेत. नुसतें "वडगांव, पुणें" असें लिहून पत्र पोंचलेंच, तर तें पोस्टमनच्या स्मरणशक्तीचें श्रेय समजावें. अलीकडे औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर, उस्मानाबादचें धाराशिव, अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. पत्र जुन्या नांवानें गेलें काय, नव्या नांवानें गेलें काय, आंकडे बरोबर असले म्हणजे वर्गवारीला अडचण पडत नाहीं. मे २०२५ मध्यें टपालखात्यानें 'डिजिपिन' नांवाची दहा अक्षरांची योजनाहि जाहीर केली असून तींत देशाची सर्व भूमि सुमारें चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागली आहे. पण अजून पाकिटावर लिहिले जातात ते वेलणकरांचे सहा आंकडेच.

पत्त्यांतील एका चुकीनें केवढा फरक पडतो, याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यायालयाच्या दप्तरांत आहे, आणि तें दोन व्यापाऱ्यांचेंच आहे. २ सप्टेंबर १८१७ रोजीं इंग्लंडांतील लिंडसेल नांवाच्या लोंकरीच्या व्यापाऱ्यांनीं ब्रॉम्सग्रोव्ह गांवच्या अॅडम्स नांवाच्या कारखानदारांस पत्र लिहिलें: लोंकर या या भावानें देतों, उत्तर टपालाच्या नेहमींच्या क्रमानें यावें. ब्रॉम्सग्रोव्ह हें गांव वूस्टरशायर परगण्यांत आहे. लिंडसेल मंडळींनीं लिहिलें लेस्टरशायर. म्हणजे आपल्याकडल्या भाषेंत गांव बरोबर, जिल्हा चुकला. पत्र भटकत भटकत ५ तारखेच्या संध्याकाळीं पोंचलें. अॅडम्स मंडळींनीं त्याच संध्याकाळीं होकार लिहून टपालांत टाकला. इकडे लिंडसेल यांचा हिशेब असा कीं, उत्तर ७ तारखेपर्यंत यावयास हवें होतें. तें न आल्यामुळें ८ तारखेस त्यांनीं लोंकर दुसऱ्याला विकून टाकली. होकाराचें पत्र ९ तारखेस हातीं पडलें.

सौदा झाला होता कीं नव्हता? १८१८ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, झाला होता, आणि तो झाला होकाराचें पत्र टपालांत पडलें तेव्हांच. होकार हातीं पोंचेपर्यंत सौदा पक्का नाहीं असें धरलें, तर होकार पोंचल्याची पोच, मग त्या पोचेची पोच, अशी ही माळ कधींच संपणार नाहीं, हें त्यामागचें तर्कशास्त्र. आणि पत्त्याची चूक लिंडसेल यांची, तेव्हां उशिराचा तोटाहि त्यांचाच.

हा नियम आपल्याकडे १८७२ च्या कराराच्या कायद्यांत चौथ्या कलमांत उतरला. होकाराचें पत्र टपालांत पडून होकार देणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेलें, कीं देकार देणारा त्यानें बांधला जातो. मग तें पत्र त्याला दोन दिवसांनीं मिळो कीं दहा दिवसांनीं. पुढें १९६५ सालीं दूरध्वनीवरून झालेल्या सौद्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां त्याला हा नियम लागू नाहीं असें ठरलें. तेथें होकार ऐकूं आला पाहिजे. म्हणजे समोरासमोर बोलल्याप्रमाणें ऐकूं येणाऱ्या यंत्रापेक्षां लाल पेटीवर कायद्याचा विश्वास एका अर्थीं अधिक आहे.

१८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचें सत्ताविसावें कलम याच जातीचें. पत्ता बरोबर, हंशील भरलेलें आणि पत्र रजिस्टर, एवढें दाखविलें म्हणजे तें टपालाच्या नेहमींच्या क्रमानें जेव्हां पोंचावयाचें तेव्हां पोंचलेंच असें न्यायालय धरतें. नाहीं पोंचलें, हें सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर. चेक न वटल्याची नोटीस घ्या. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आंत लेखी मागणी गेली पाहिजे, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आले तर फिर्यादीचा हक्क उत्पन्न होतो. देणेकरी पोस्टमनला पाहून दार लावून घेतो. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडून तें परत येतें. अशा शेऱ्याचें पाकीट न्यायालयांत नोटीस मिळाल्याच्याच मोलाचें ठरतें. एखाद्या लहान कारखानदाराचे दोन लाख रुपये त्या शेऱ्यावर आणि पोस्टमनच्या त्या सहीवर अवलंबून असतात. तेव्हां परत आलेलें असलें पाकीट फोडूं नये. तें बंद स्थितींत जपून ठेवावें, हें वकील सांगतात तें उगीच नव्हे.

कायद्याचा टपालावर एवढा विश्वास. पण टपालाचा स्वतःवर किती? १८९८ च्या टपाल कायद्याचें सहावें कलम स्पष्ट होतें. वस्तु हरवली, दुसऱ्याच्या हातीं पडली, उशिरां पोंचली किंवा मोडली, तरी सरकारनें जेवढी जबाबदारी स्पष्ट शब्दांत पतकरली असेल तेवढी सोडून बाकी कांहीं नाहीं. आणि नोकरानें लबाडीनें किंवा जाणून-बुजून केलें नसेल तर त्याच्यावरहि नाहीं. त्या कायद्याच्या जागीं २०२३ चा नवा कायदा आला आणि १८ जून २०२४ पासून अंमलांत आला. पत्रें वाहण्याचा सरकारचा एकाधिकार त्यांत राहिला नाहीं. जबाबदारीची मर्यादा मात्र राहिली. याचा अर्थ सरळ आहे. विमा न उतरलेल्या पार्सलांत दहा हजारांचा माल असला, तरी तें हरवल्यास भरपाईचें माप मालाच्या किंमतीवरून घेतलें जात नाहीं. माल मोलाचा असेल तर त्याचा टपालखात्याकडे विमा उतरावा लागतो. आणि तो उतरविण्याचा कंटाळा करणारेच पुढें हळहळतांना दिसतात.

पुराव्याची पायरी रजिस्टर पत्रापासून सुरू होते. रजिस्टर पत्र अधिक खात्रीचें कां, याचें उत्तर पुष्कळांना "त्याला जास्त पैसे पडतात म्हणून" एवढेंच ठाऊक असतें. खरें कारण असें कीं, त्या पत्राला क्रमांक पडतो आणि तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना प्रत्येक वेळीं नोंद होते. खिडकींतला कारकून, थैली बांधणारा, थैली फोडणारा, पोस्टमन आणि शेवटीं घेणारा, या सांखळींत तें कोणाच्या हातांत असतांना नाहींसें झालें हें सांगतां येतें. साध्या पत्राबद्दल कोणालाच जाब विचारतां येत नाहीं. रजिस्टर पत्राबद्दल नेमका एका माणसाला विचारतां येतो. एवढी एक गोष्ट माणसाला सावध ठेवण्यास पुरेशी होते.

साधें आणि रजिस्टर या दोहोंमध्यें पूर्वीं एक स्वस्त पायरी होती. पत्र टाकल्याचा दाखला, म्हणजे यू. पी. सी. थोडक्या पैशांत एका कागदावर पत्ता लिहून पोस्टाचा शिक्का मारून मिळे. त्यानें पत्र पोंचल्याचें नव्हे, पण टाकल्याचें दिसे. आणि सहकारी गृहसंस्थेच्या सभेची सूचना, शाळेचें पत्र, संस्थेच्या सभासदांस आमंत्रण, या कामांस तेवढें पुरे होई. परंतु मागील तारखेचे शिक्के मारून घेण्याचे प्रकार होऊं लागले, न्यायालयें त्या दाखल्याकडे संशयानें पाहूं लागलीं, आणि २०११ च्या सुरुवातीस ती पद्धति बंद झाली. कांहीं थोड्या लबाडांनीं शिडीची एक पायरीच मोडली, असें म्हणावें लागतें.

दुसरी पायरी २०२५ सालीं हालली. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजीं सुरू झालें, तें वेगासाठीं. रजिस्टर होतें पुराव्यासाठीं. दोहोंत एक बारीक पण महत्त्वाचा भेद होता. स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलें जाई, त्या घरांतील कोणीहि सही केली तरी चाले. रजिस्टर ज्याच्या नांवाचें त्याच्याच किंवा त्यानें अधिकार दिलेल्याच्या हातीं. आतां स्वतंत्र रजिस्टर टपाल उरलें नाहीं; तें स्पीड पोस्टांत मिळविलें गेलें, आणि खुद्द पत्ताधारकाच्याच हातीं देण्याची सोय वर पांच रुपये भरून घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें पन्नास ग्रॅमपर्यंतचें स्पीड पोस्ट गांवांतल्या गांवांत १९ रुपयांस व बाहेरगांवीं, अंतर कितीहि असलें तरी, ४७ रुपयांस जातें, कर निराळा. १८५४ चें "अंतर कितीहि असो" हें तत्त्व असें पुन्हां दिसलें, ही चांगली गोष्ट. परंतु ज्याला वेगाची गरज नव्हती, फक्त सहीची होती, त्याचें हलकें पत्र पूर्वीं सव्वीस रुपयांच्या आंत जाई. तें आतां कर धरून साठ-एकसष्टावर गेलें. वर्षाला पांच नोटिसा पाठविणाऱ्या गृहस्थाला हें जाणवणार नाहीं. तीनशें सभासदांस पत्रें धाडणाऱ्या लहान संस्थेला जाणवतें.

लहान धंद्याचें आणि टपालाचें नातें आपल्याकडे जुनें आहे. मराठी ग्रंथव्यवसाय तर बऱ्याच अंशीं पोस्टमनच्या खांद्यावरच वाढला. १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति निघाली: माल आधीं पाठवावा, पोस्टमननें तो देतांना किंमत वसूल करावी, आणि ती मनीऑर्डरीनें विक्रेत्याला पोंचवावी. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचें पुस्तक ज्या तालुक्याच्या गांवीं दुकान नव्हतें तेथेंहि जाऊं लागलें तें यामुळें. का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजना'नें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला आणि पुढें ती एक चालच पडली. ते जाडजूड अंक घरोघरीं गेले ते बुकपोस्टानें आणि व्ही. पी. नें. अर्थात् या पद्धतीची दुसरी बाजूहि होती. ग्राहकाचें मन फिरलें, किंवा पोस्टमन आला तेव्हां घरांत रोकड नसली, कीं व्ही. पी. परत, आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथीं. "व्ही. पी. परत करूं नये" अशी काकुळतीची विनंति जुन्या मासिकांत वरचेवर आढळते. विश्वास नेहमीं टपालावरच ठेवावा लागतो असें नाहीं; टपालाच्या पलीकडल्या माणसावरहि ठेवावा लागतो.

आजचा लहान विक्रेता, मग तो पुस्तकांचा असो, बियाण्यांचा असो, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा असो कीं कोल्हापुरी चपलांचा असो, पैसे आधींच भ्रमणध्वनीवरून घेतो. तेव्हां जोखीम आतां ग्राहकाकडे सरकली आहे, आणि पार्सल न पोंचल्यास बोल मात्र विक्रेत्याला लागतो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. वस्तूची किंमत दोनशें रुपये, माल, वेष्टण व हंशील मिळून खर्च एकशेंसाठ, उरतात चाळीस. शंभर पार्सलांत एक हरवलें आणि त्यानें दुसरें पाठविलें, तर चार हजारांच्या नफ्यांतून एकशेंसाठ गेले, सोसतें. शंभरांत पांच हरवलीं तर आठशें गेले, म्हणजे नफ्याचा पांचवा हिस्सा. आणि पांच हरवलीं असें ग्राहक म्हणतात, पण खरोखर किती हरवलीं हें कळण्याचा मार्ग नसेल, तर तोटा पैशांपेक्षां मनाचा अधिक होतो. प्रत्येक तक्रारींत त्याला लबाडीचा वास येऊं लागतो. क्रमांक देऊन वस्तु कोठें आहे हें पाहतां येण्याची जी सोय झाली आहे, तिचें खरें मोल येथें आहे. तिच्यामुळें पार्सल लवकर पोंचत नाहीं. पण खऱ्या ग्राहकावर आळ येत नाहीं.

ग्रंथविक्रेत्यांना मात्र मधल्या काळांत मोठा धक्का बसला. छापील पुस्तकें रजिस्टर करून सवलतींत पाठविण्याचा वर्ग २०२४ च्या अखेरीस बंद झाला. स्वस्त पुस्तकाला पुस्तकाच्या किंमतीइतकें हंशील पडूं लागल्यास तें विकावयाचें कसें, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. १ मे २०२५ पासून 'ज्ञानपोस्ट' सुरू झालें: तीनशें ग्रॅमपर्यंत २० रुपये, पांच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. तें जमिनीवरून, सावकाश जातें. पण क्रमांकावरून त्याचा माग लागतो. वाट पाहण्यास तयार असलेल्या वाचकाला हा सौदा वाईट नाहीं.

वेळेच्या भरंवशाविषयीं परदेशाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे संवय आहे, म्हणून एवढें सांगितलें पाहिजे कीं, ज्या इंग्लंडानें हिलची पद्धति जगाला दिली तेथेंहि सर्व आलबेल नाहीं. पहिल्या वर्गाच्या शंभर पत्रांपैकीं त्र्याण्णव दुसऱ्या दिवशीं पोंचावीं असा २०२४-२५ मध्यें तेथील नियम होता. २०२४-२५ सालीं पोंचलीं सत्याहत्तर, आणि नियामक संस्थेनें ऑक्टोबर २०२५ मध्यें रॉयल मेलला २१ दशलक्ष पौंड दंड केला. डेन्मार्कांत तर सरकारी टपालानें २०२५ च्या अखेरीस पत्रें वांटण्याचें कामच सोडून दिलें. इंग्लंडचें अनुकरण करावयाचें तर एवढ्यापुरतें करावें कीं, तेथें किती पत्रें वेळेवर पोंचलीं हा आंकडा दरवर्षीं छापला जातो आणि तो खालीं गेला तर कोणाला तरी पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडे दीड लाखांहून अधिक पोस्टें आहेत व त्यांतील बहुतेक खेड्यांत आहेत. खासगी कूरियर शहरांत चपळ असतो, पण डोंगरापलीकडच्या वाडीवर जाणें त्याला परवडत नाहीं. तेथें ग्रामीण डाकसेवकच जातो. आणि तेथें टपाल पोंचतें तें पत्त्यामुळें जितकें, तितकेंच ओळखीमुळें. शहरांतली गोष्ट उलट. दिल्लीहून आलेलें पत्र हजार कोस बिनबोभाट येतें आणि शेवटच्या चाळीस पावलांत अडतें: खालच्या मजल्यावरची मोडकी पत्रपेटी, पहारेकऱ्याच्या टेबलावरचा ढीग, सोडून गेलेल्या भाडेकरूचें नांव, आणि सदनिकेचा क्रमांक न लिहिण्याची हौस. पारपत्र स्पीड पोस्टानें येतें म्हणून त्याची वाट पाहिली जाते. आधारचें छापील पत्र साध्या टपालानें येतें, आणि तें पेटींत महिनोन् महिने पडून असलेलें आढळतें. पाकिटाच्या मागें स्वतःचा पत्ता लिहिण्याचाहि लोक आळस करतात. असें पत्र देतां आलें नाहीं तर तें परतपत्र कचेरींत जातें, जिला पूर्वीं मृतपत्र कचेरी म्हणत. तेथें तें फोडून आंत पाठविणाऱ्याचा ठावठिकाणा सांपडतो काय हें पाहतात. आंतहि नुसतें "तुमचाच, बाळू" एवढेंच असेल तर कचेरीचा नाइलाज होतो.

देशाबाहेरचें टपाल तर दोन खात्यांच्या नव्हे, दोन सरकारांच्या मर्जीवर चालतें, याचा अनुभव २०२५ मध्यें आला. २०२२ पासून निघालेल्या डाकघर निर्यात केंद्रांमुळें खेड्यांतील कारागीरहि आपला माल पोस्टानें परदेशीं धाडूं लागला होता. अमेरिकेनें आठशें डॉलरपर्यंतच्या वस्तूंना असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. जकात कोणीं, कशी वसूल करावयाची हें ठरलें नसल्यामुळें विमानकंपन्या टपाल घेईनात, आणि आपल्या टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलें स्वीकारणें थांबविलें. प्रथम पत्रें व शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तु वगळल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्याहि थांबल्या. कोणाचा पत्ता चुकला नव्हता, कोणाचें वेष्टण फाटलें नव्हतें. वाटच बंद झाली होती. ज्याचीं सर्व गिऱ्हाइकें तिकडचीं होतीं त्यानें माल घरांत रचून ठेवला, किंवा कूरियरचा दर विचारून परत आला. सेवा पुन्हां सुरू झाली १५ ऑक्टोबरला. आतां जकात येथेंच, पोस्टाच्या खिडकीशीं, आधीं भरावयाची. त्या वर्षीं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतें. ज्या घरांतून मुलासुनेसाठीं चकल्या-अनारशांचा डबा दरवर्षीं न्यू जर्सीला जातो, त्यांनीं पहिल्याच दिवशीं रांग धरली असली, तरी सहा दिवसांत तो डबा तेथें पोंचणें कठीणच होतें.